पाणसळ

सकाळचे आठ वाजले आहेत आणि आम्ही सगळे एका रिकाम्या भिंतीसमोर उभे आहोत. भिंतीतून गरम पाण्याची एक आणि गार पाण्याची एक अशा दोन तोट्या बाहेर आल्या आहेत. त्यांच्या खाली सांडपाण्याच्या पाइपचं तोंड, त्याला प्लास्टिकचं बूच बसवलेलं. कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर, शेगडीच्या जोडणीची पांढरी डबी. ओटा नाही, सिंक नाही, मांडणी नाही, एक खुंटीसुद्धा नाही. माझ्या लेकीचं स्वयंपाकघर आज इथं उभं राहायचं आहे.

"आई, तू खुर्चीवर बस," लेक म्हणते. खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर ड्रिल मशीनची पेटी आहे. मी उभीच राहते.

स्टुटगार्टच्या उत्तरेला फॉयरबाख नावाचा भाग आहे. तिथं चढाच्या रस्त्यावर, पन्नासच्या दशकात बांधलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर हे घर आहे. लिफ्ट नाही. जावई मे महिन्यात पुण्याहून इकडे आले, लेक आणि दोन्ही नातवंडं सप्टेंबरात आली, आणि घर लावायला मदत म्हणून मी दिवाळीच्या तोंडावर येऊन पोचले. माझ्या व्हिसावर नव्वद दिवस आहेत. गेल्या आठवड्यापर्यंत कंपनीनं दिलेल्या दोन खोल्यांत सगळे दाटीवाटीनं राहिले. हे घर मात्र त्यांनी स्वतः शोधलंय. त्यासाठी किती अर्ज केले, हे जावई सांगत नाहीत. लेक सांगते. एकेका घराला जिन्यापासून फाटकापर्यंत रांग असायची, प्रत्येकाच्या हातात पगाराच्या पावत्या आणि पत चांगली असल्याचा दाखला. एकदा धाकट्याला कडेवर घेऊन ती पाऊण तास पावसात उभी होती, आणि वर पोचेपर्यंत घर गेलेलं होतं. हे मिळालं तेव्हा तीन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून भरलं. कायद्यानं त्याहून जास्त मागता येत नाही.

जर्मनीत भाड्याचं घर पुष्कळदा असंच, ओट्याशिवाय मिळतं. जाणारा भाडेकरू स्वतःच्या पैशानं बसवलेला ओटा, कपाटं, शेगडी सगळं सोडवून नेतो, नाहीतर येणाऱ्याला विकतो. दिवेही नेतो. पहिल्या दिवशी मी या घरात शिरले तेव्हा प्रत्येक खोलीच्या छतातून रंगीत वायरी लोंबत होत्या, आणि माझ्या पोटात कालवलं. आपल्याकडे घर सोडताना बाई ओटा पुसते, शेवटचा दिवा लावते आणि निघते. ओटाच उपटून न्यायचा, हे मला पटेना. आज आठ दिवसांनी तेवढं बोचत नाही. जिनं तो ओटा घासला, तिला तो बरोबर न्यावासा वाटला तर त्यात वावगं काय?

आठ दिवस आम्ही दोन चकत्यांच्या विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करतोय. शेगडी पालथ्या खोक्यावर, भांडी घासायची न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये. शेगडी आणि पाण्याची किटली एकदम लावली की फ्यूज उडतो. देव खिडकीच्या कठड्यावर बसलेत, कारण घरात दुसरी सपाट जागा नाही. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण लेकीनं विमानात हातातल्या पिशवीतून आणले, सामानात दिले नाहीत.

खाली गाडी थांबल्याचा आवाज येतो, पण बेल वाजत नाही. बेलच्या पाटीवर आठ आडनावं आहेत आणि घरांना नंबर नाहीत. इथल्या पत्त्यात रस्त्याचं नाव आणि इमारतीचा नंबर एवढंच असतं, पुढचं सगळं आडनावावर चालतं. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो, ते नसलं की पाकीट परत जातं. बँकेचं कार्ड असंच परत गेलं. नगरपालिकेत दोन आठवड्यांच्या आत नव्या पत्त्याची नोंद करावी लागते, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ते सगळं करून आल्यावरही पेटीवर नाव नाही तोवर माणूस या पत्त्यावर राहत नाही, असंच पोस्ट धरून चालतं. परवा रात्री जावयांनी आडनाव छापलं, कात्रीनं कापलं आणि पेटीवर, बेलवर चिकटवलं. आमचं आडनाव लांबलचक. चौकटीत मावावं म्हणून अक्षरं इतकी बारीक झालीत की सकाळच्या अंधुक उजेडात खालच्या पोरांना ती दिसत नाहीयेत.

नात खिडकी उघडून वाकते. "काका, वर या! आमचं सगळ्यात वरचं!"

"हळू गं," लेक म्हणते, पण तिचा चेहरा फुलतो.

पोरं चार आहेत. दोघं पुण्याचे, एक नगरचा, एक कोल्हापूरचा. इथल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर परवा लेकीनं लिहिलं की ओटा आणायचाय, आणि तासाभरात चौघांनी हात वर केला. लेक यांतल्या दोघांना आज पहिल्यांदा भेटतेय. ते मला काकू म्हणतात, चपला दाराबाहेर काढतात, आणि लगेच कामाला लागतात. लुडविग्सबुर्गचं एक म्हातारं जोडपं लहान घरात जायला निघालंय, त्यांचा सगळा ओटा जावयांनी विकत घेतलाय. खालची पाच कपाटं, वरची चार, सिंक, शेगडी आणि ओट्याची लांब फळी. जिना अरुंद आहे. प्रत्येक वळणावर फळी उभी करावी लागते, तेव्हा चौघं एका सुरात बोलतात, "जरा डावीकडं… थांब, थांब… घे." कोल्हापूरकर सगळ्यांत खाली, सगळा भार त्याच्या खांद्यावर. पहिल्या मजल्यावर एक दार किलकिलं होतं आणि मिटतं.

फळी शेवटी दोन खोक्यांवर आडवी होते. मी तिच्यावरून हात फिरवते. ओकच्या लाकडाचा रंग, कडा गोल. सिंकजवळ पाणी मुरून कड किंचित फुगलीय. उजव्या अंगाला सुरीच्या बारीक रेघा आहेत, एकाच जागी, एकमेकींत मिसळलेल्या. त्या बाईंनी वर्षानुवर्षं इथंच उभं राहून चिरलं असणार, खिडकीकडे तोंड करून. चमच्यांच्या खणात त्यांनी घातलेला कागद तसाच आहे, कडेला नीट दुमडलेला. लेक सांगते, ओटा सोडवत होते तेव्हा बाई शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. निघताना बाहेर आल्या आणि सिंकचं बूच आठवणीनं लेकीच्या हातात दिलं.

"कागद काढू नकोस," मी म्हणते. लेक मान हलवते. तिनं काढला नसताच.

मग मोजमाप सुरू होतं, आणि अडचणी. भिंत २ मीटर ४८ सेंटिमीटर, फळी २ मीटर ७०. बावीस सेंटिमीटर कापायची, पण सरळ नाही, कारण कोपरा काटकोनात नाही. नगरचा मुलगा गुण्या लावून बघतो तर बोटभर फट. वरच्या कपाटांसाठी भिंतीत भोकं पाडायची, तर आतून पाइप कुठून गेलाय कुणाला ठाऊक नाही. जावई मालकाला फोन लावतात, तो उचलत नाही. एकजण म्हणतो नळाच्या सरळ वर भोक नको. दुसरा भिंत ठोकून आवाज ऐकतो. मी या पोरांकडे बघत राहते. एक सॉफ्टवेअरमध्ये आहे, एक गाडीच्या ब्रेकवर संशोधन करतो, एकाची पीएचडी चाललीय. तिकडे यांच्या घरी नळाचा वॉशर बदलायला प्लंबर येतो. इथं कारागिराच्या एका तासाचे पैसे ऐकून प्रत्येकानं पहिल्या सहा महिन्यांत ड्रिल मशीन विकत घेतलंय, आणि ते ग्रुपवर एकमेकांना देतात.

धाकटा चार वर्षांचा आहे. त्याच्या खिशात पुण्याहून आणलेली एक काचेची गोटी असते. तो ती फरशीवर ठेवतो. गोटी क्षणभर थांबते, मग आपली आपण निघते, खिडकीच्या दिशेनं, आणि भिंतीला टेकते. तो परत आणून ठेवतो. परत तेच.

"अरे, उतार आहे," नगरकर म्हणतो. सगळे गोटीकडे बघतात. मोबाइलवरच्या ॲपमध्ये बघतात. ॲप एकदा एक आकडा दाखवतं, मोबाइल फिरवला की दुसरा.

"आई," धाकटा लेकीला विचारतो, "आपण पुण्याला कधी जायचं?"

मशीन नेमकं थांबलेलं असतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू जातं. लेक त्याच्याशेजारी उकिडवी बसते. ती उत्तर देत नाही. स्क्रूची पुडी त्याच्या पुढ्यात ओतते आणि म्हणते, "लांब एका वाटीत, आखूड दुसऱ्या वाटीत. तू दिलेस की काका लावतील." तो कामाला लागतो. ती उठते तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

एक वाजतो आणि सगळं थांबतं. इमारतीच्या नियमांत एक ते तीन शांततेची वेळ आहे. रात्री दहानंतर शांतता, आणि रविवारी तर दिवसभर. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, दुकानंही बंद. म्हणजे जे व्हायचं ते आज रात्री दहापर्यंत.

जेवायला आम्ही जमिनीवर गोल बसतो. पिठलं, भात, कांदा, आणि माझ्याबरोबर आलेली शेंगदाण्याची चटणी. आवाज करायचा नाही म्हणून सगळे हळू बोलतात, आणि हळू बोलता बोलता गप्प होतात. कोल्हापूरकर ताटातलं पिठलं बोटानं निपटतो. "काकू, पाच महिने झाले," एवढंच म्हणतो. मी त्याला आणखी वाढते. त्याची आई कुठं असेल आत्ता? तिकडे साडेपाच वाजले असतील. घड्याळं मागे केल्यापासून साडेचार तासांचा फरक झालाय.

जेवणानंतर लेक भिंतीला पाठ टेकून बसते, बरोबर जिथं ओटा येणार आहे तिथं. "आई, पुण्यात मी ओट्याकडे कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं," ती हळूच म्हणते. "सकाळी बाई यायच्या, मी डबा घेऊन ऑफिसला पळायचे. इथं आल्यापासून स्वप्नातसुद्धा ओटा दिसतो." तिची नोकरी चांगली होती, हिशेबाची. इथं ती नोकरी मिळेल, पण आधी भाषेची पुढची परीक्षा. पुण्याला मॅक्सम्युलर भवनात बी-१ पर्यंत शिकून आलीय. तेवढ्यावर दुकान आणि दवाखाना निभतो, ऑफिस नाही.

मी तिला कराडहून पुण्याला आले तेव्हाचं सांगते. १९७९ साल. नारायण पेठेतल्या वाड्यात दीड खोली, भिंतीला एक फळी, तिच्यावर वातीचा स्टोव्ह. रॉकेलसाठी रांग. ते तिनं शंभरदा ऐकलंय. आज पहिल्यांदा मधेच विचारते, "पाणी कुठून आणायचीस?" आणि मी सांगत बसते.

तीनला पाच मिनिटं कमी असताना दारावर टकटक होते.

दारात तळमजल्यावरचे आजोबा उभे आहेत. सकाळपासूनचा आवाज, जिन्यात लागलेली माती, आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो. जावई पुढे होऊन माफी मागू लागतात. आजोबा हात हलवून त्यांना थांबवतात आणि पाठीमागचा हात पुढे आणतात. हातात एक लाकडी दांडी आहे. मीटरभर लांब, तेलकट काळपट लाकूड, दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या, मधोमध काचेची नळी आणि नळीत बुडबुडा.

मला ती ओळखायला वेळ लागत नाही. आमचे हे पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. साइटवर जाताना त्यांच्या पिशवीत टेप, ओळंबा आणि हीच दांडी असायची, याहून आखूड.

"पाणसळ," माझ्या तोंडून निघतं.

आजोबा माझ्याकडे वळतात. "वासरवागे," ते दांडी उचलून म्हणतात.

"आजी, वासर म्हणजे पाणी," नात सांगते. ती शाळेत जर्मन न येणाऱ्या मुलांच्या तयारीच्या वर्गात बसते आणि घरात आम्हा सगळ्यांपेक्षा तिचे उच्चार चांगले आहेत.

"आणि वागे म्हणजे तराजू," लेक भर घालते.

पाण्याचा तराजू. मी आजोबांना बुडबुडा दाखवते, मग नळाची तोटी दाखवते, "पाणी, पाणी. पाणसळ." ते समजतात. सावकाश म्हणून बघतात, "पान-सल." ळ त्यांना जमत नाही, पण शब्द ते तीनदा म्हणतात.

ते श्वाबेन भागातली बोली बोलतात. पुस्तकी जर्मन शिकलेल्या लेकीला ती निम्मी कळते, उरलेली ती त्यांच्या हातांवरून लावते. "आजोबा म्हणतायत, या इमारतीत सगळ्या मजल्यांना खिडकीकडे उतार आहे. त्यांच्याकडे पण आहे. त्यांनी त्यांचा ओटा तीनदा बसवलाय." मग ते कोट काढतात, दाराच्या कडीला अडकवतात, आणि गुडघ्यावर बसतात. बसायला त्यांना वेळ लागतो. नगरकर हात देतो, ते तो धरतात.

पुढचा तासभर मी नुसती बघते. पहिल्या कपाटावर पाणसळ ठेवली की बुडबुडा भिंतीकडे सरकतो. कपाटांना खाली प्लास्टिकचे पाय आहेत, आट्यांवर फिरणारे. आजोबा बोट वर करतात, जावई खिडकीकडचा पाय अर्धा आटा फिरवतात. बुडबुडा हलतो. पुन्हा बोट. पाव आटा. बुडबुडा दोन रेघांच्या मधे येऊन थरथरतो आणि थांबतो. आजोबा लगेच पुढे जात नाहीत. पाणसळ उचलून उलटी करून ठेवतात आणि परत बघतात, कारण दांडीच वाकडी असली तर ती एकाच बाजूनं खोटं सांगेल. आमचे हेसुद्धा असंच उलटी करून बघायचे. दर वेळी. मी विसरले होते ते.

दुसरं कपाट, तिसरं. चौथ्याचा पाय पुरत नाही, आटे संपतात. कापलेल्या फळीच्या तुकड्यातून आजोबा एक पाचर काढून घेतात, सुरीनं तासतात, आणि पायाखाली सरकवतात. धाकटा त्यांच्या शेजारी पालथा पडून सगळं बघतोय. ते त्याच्याकडे हात पसरतात, तो वाटीतून एक आखूड स्क्रू काढून त्यांच्या तळहातावर ठेवतो. बरोबर आखूडच हवा होता.

चहाला ते थांबतात. आल्याचा चहा ते आधी हुंगतात, मग सगळा पितात. पाणसळ त्यांच्या वडिलांची आहे. वडील गवंडी होते, हंगेरीतल्या एका जर्मन वस्तीच्या गावात. १९४६ साली तिथल्या जर्मन लोकांना देशाबाहेर काढलं, मालगाडीच्या डब्यांत घालून इकडे पाठवलं. आजोबा तेव्हा तीन वर्षांचे. नेता येईल तेवढ्याच सामानात वडिलांनी ही दांडी कपड्यांत गुंडाळून घेतली. इथं आले तर स्टुटगार्ट बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं. त्यांना एका कुटुंबाच्या घरात एक खोली मिळाली, त्या कुटुंबाला न विचारता सरकारनं दिलेली. आईनं सात वर्षं दुसऱ्याच्या चुलीवर, ठरवून दिलेल्या वेळेला रांधलं. वडील मात्र पहिल्या महिन्यापासून कामावर होते. पडलेल्या शहराला गवंडी हवेच होते. शहराचा राडारोडा तेव्हा पश्चिमेच्या बिर्केनकोप्फ टेकडीवर नेऊन टाकत, त्यानं ती टेकडी सुमारे ४० मीटरनं उंच झाली. गेल्या आठवड्यात जावई आम्हाला तिथं घेऊन गेले होते. माथ्यावर कोरीव दगडांचे, खांबांचे तुकडे पडलेत, कुणाकुणाच्या घरांचे. मी तिथं बसून डब्यातली पोळी खाल्ली होती. आता ते आठवून घास घशात अडकल्यासारखं होतं.

लेक हे सगळं सांगता सांगता मधेच थांबते. "आई, सात वर्षं," ती म्हणते. आजोबा बशीत कप ठेवतात आणि पाणसळ उचलतात. अजून फळी बसवायचीय.

फळी कापताना जिगसॉचा आवाज इमारतभर घुमतो. भुसा सगळीकडे. तिरका काप पहिल्याच खेपेला भिंतीत बसतो आणि पोरं आरोळी ठोकतात. पाच वाजायच्या आतच बाहेर अंधार झालाय, म्हणून छताच्या वायरीला जावईबापू तात्पुरता एक दिवा जोडतात. सिंकच्या पाइपचा रबर सापडत नाही. पुण्याचा एक जण बांधकाम सामानाच्या मोठ्या दुकानात धावतो आणि दुकान मिटायच्या आधी चार मापांचे चार रबर घेऊन येतो. तिसरा बसतो.

शेगडीची जोडणी मात्र यांच्यातलं कुणी करत नाही. तिला थ्री फेज लागते, ४०० व्होल्ट, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचंच. ओळखीनं एक जण यायला तयार झालाय. तो येतो, डबीचं झाकण उघडतो, प्रत्येक वायर तपासतो, वीस मिनिटांत काम संपवतो. तो इथलाच जन्मलेला. त्याचे वडील तुर्कस्तानातून कारखान्यात कामाला आले. १९६१ साली जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला होता, त्यातून आलेल्या हजारोंपैकी एक. सहा जण एका खोलीत राहायचे, असं तो वायर कापता कापता सांगतो. निघताना शेगडीवर हात ठेवून लेकीला काहीतरी बोलतो. ती हसते, डोळे पुसते. काय म्हणाला ते मी विचारत नाही.

साडेआठला लेक नव्या शेगडीवर दूध ठेवते. आम्ही सगळे ओट्याभोवती उभे. शेगडी काचेची सपाट आहे, ज्योत नाही, फक्त लाल गोल. पूर्व कुठली ते नात मोबाइलवर बघून सांगते. दूध वर येतं, कडेशी थबकतं आणि पूर्वेकडूनच उतू जातं. काचेवर चर्र होतं, करपल्याचा वास सुटतो, लेक घाईनं पातेलं उचलते. देवांना खिडकीतून उचलून मी ओट्याच्या टोकाला ठेवते. इथं ते कायमचे राहणार नाहीत, पण आजची रात्र राहू देत.

पावणेदहाला शेवटचं भोक पडतं. दहाला मशीन पेटीत.

रविवारी सकाळी लेक सगळ्या खिडक्या सताड उघडते. बाहेर चार अंश. दहा मिनिटं असंच ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ, नाहीतर भिंतींना बुरशी येते, असं भाडेकरारातच लिहिलंय. मी शाल घट्ट ओढून ओट्याशी उभी राहते. हात बरोबर टेकतो, ना उंच ना ठेंगणा. मग मला दिसतं की पाणसळ इथंच राहिलीय, वरच्या कपाटावर, आडवी.

"द्यायला हवी," जावई म्हणतात.

"रिकामी कशी देणार?" मी म्हणते.

बिनमिठाच्या लोण्याचं तूप कढवते. इथला रवा पिवळसर आहे, भाजायला वेळ लागतो, पण खमंग भाजतो. वेलदोडे माझ्या सामानात आहेत. लेक पाक बघते, एकतारी झाला का म्हणून दोन बोटांत धरून मला दाखवते. लाडू वळायला नात बसते, धाकटाही एक वळतो, चपटा. तो चपटाच वर ठेवायचा असा त्याचा हट्ट.

चारनंतर आम्ही तिघं खाली जातो. नातीच्या हातात डबा, माझ्या हातात पाणसळ, धाकट्यानं माझं बोट धरलेलं. पाणसळ जड आहे. पितळ गार लागतं. आजोबा दार उघडतात, आधी दांडी घेतात, नळी उजेडात धरून बघतात, मग डबा. धाकटा त्यांना चपटा लाडू दाखवतो. ते तोच उचलतात. आत त्यांच्या ओट्यावर एक ताट, एक कप, एक वाटी पालथी घातलेली दिसते. डबा धुऊन परत देतो असं ते खुणेनं सांगतात. नात म्हणते, घाई नाही. हे ती जर्मनमध्ये म्हणते, आणि ते तिला थोडं दुरुस्त करतात, आणि ती पुन्हा म्हणते.

वर येताना जिन्यात अंधार आहे. बटण दाबलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं आपला आपण विझतो. तिसऱ्या मजल्यावर पोचतो तोच तो विझतो. नात पुन्हा बटण दाबते आणि थांबते.

"आजी, हे काय?"

आमच्या दाराच्या मुठीला दोरीनं एक लहानशी पाटी अडकवलेली आहे. सकाळी ती समोरच्या दाराला होती, हे मला आठवतं. समोरच्या बाईंशी आमचा अजून नमस्कारापुरताच परिचय आहे. नात अक्षरांवरून बोट फिरवते. "केर… वो… खे. केरवोखे."

"केर?"

"वोखे म्हणजे आठवडा. केर माहीत नाही." ती दार वाजवते. "आई, केर म्हणजे काय?"

लेक दार उघडते, पाटी बघते आणि हात तोंडावर नेते. "झाडणं," ती म्हणते. "आई, आपली पाळी आली. जिना झाडायची, पुसायची. एक आठवडा त्या, एक आठवडा आपण. करारात आहे." आतून जावई सांगतात की ही श्वाबेनची जुनी रीत आहे. शहर स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी १४९२ सालच्या स्टुटगार्टच्या नियमांतच रहिवाशांवर टाकलेली होती. १९८८ साली नगरपालिकेनं सक्ती काढून टाकली, पण लोकांनी पाट्या काढल्या नाहीत.

मी पाटी हातात घेते. कोपरे झिजलेत, दोरी नवी आहे. बेलवरचं आमचं नाव आम्ही स्वतः चिकटवलं होतं. ही पाटी त्या बाईंनी आणून लावलीय.

"केराचा आठवडा," मी म्हणते. नात ते जर्मनमध्ये आणि मराठीत आलटून पालटून म्हणून बघते.

लेकीनं झाडू आणलासुद्धा आहे, लांब दांड्याचा, कालच रबरांबरोबर विकत घेतलेला. "आत्ताच काढून टाकू? कालचा भुसा अजून पायरीवर आहे."

मी खिडकीकडे बघते. काचेबाहेर मिट्ट काळोख, खाली यू-६ची पिवळी ट्राम दिवे लावून वळण घेतेय.

"नको गं. तिन्हीसांजा टळून गेल्यात, आता केर काढायचा नाही," मी म्हणते. "सकाळी काढू. पोरं उठायच्या आत."

झाडू मी दाराशी, पाटीच्या बाजूला, उभा करून ठेवते.